फटफटीचा चिमटा

मोटारसायकलीची गोष्ट निघाली म्हणजे बहुधा तिच्या एंजिनाची गोष्ट निघते. शक्ति किती, वेग किती, पेट्रोल किती लागतें, हेच प्रश्न प्रथम विचारले जातात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचेंहि तसेंच असतें. टाकी रंगवून चकचकीत केली, एंजिन सुरूं झालें आणि ज्या आवाजावरून मराठी माणसानें या यंत्राला ‘फटफटी’ असें नांव दिलें तो आवाज गल्लींत घुमला, कीं जीर्णोद्धार पुरा झाला असें त्यांस वाटूं लागतें. परंतु ज्या अवयवावर स्वाराचा जीव अवलंबून असतो, त्या पुढल्या चिमट्याकडे लक्ष जातें तें सर्वांत शेवटीं. कित्येकदां तर जातच नाहीं. या चिमट्याचा इतिहास काय, आणि वांकलेला चिमटा पुन्हां सरळ करण्याची विद्या कशी आहे, याचा थोडक्यांत विचार करणें उपयोगाचें होईल.

बीड जिल्ह्याला हा विषय परका नाहीं. गोदावरीच्या कांठची काळी जमीन सोडली तर जिल्ह्याचा पुष्कळसा भाग बालाघाटाच्या डोंगररांगांनीं व्यापलेला आहे. परळी वैजनाथास आगगाडी फार पूर्वीं आली. पण खुद्द बीड शहरास तिचें दर्शन होण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. याच तारखेस १९४८ सालीं निजामी अंमल संपून मराठवाडा मोकळा झाला होता, म्हणजे मध्यें सत्त्याहत्तर वर्षें गेलीं. इतक्या काळांत जिल्ह्याचा सारा व्यवहार सडकेवर चालला. बैलगाडी, एस्. टी. आणि दोन चाकांची गाडी, हींच काय तीं येथल्या लोकांचीं वाहनें. धारूरच्या घाटांतून उतरणारा शिक्षक असो, आठवड्याच्या बाजारास निघालेला व्यापारी असो, कीं दोहों अंगांस दुधाच्या कॅनी लटकावून पहाटे निघालेला गवळी असो, प्रत्येकाचें सुखरूप घरीं परतणें पुढल्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी पायांवर अवलंबून राहिलें आहे.

‘चिमटा’ हा शब्द मोटारसायकलीस सायकलीकडून मिळाला, आणि वस्तूहि तिच्याकडूनच मिळाली. मराठी मुलखांत सायकलीचा प्रसार करणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें नांव अग्रभागीं आहे. १८८८ सालीं बेळगांवास त्यांनीं सायकलीचें दुकान काढलें. त्या दुकानांतूनच पुढें लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. योगायोग असा, कीं याच १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं तीन वर्षें, म्हणजे १८८५ सालीं, जर्मनींत डाइमलर व माइबाख यांनीं एंजिनावर चालणारी पहिली दुचाकी रस्त्यावर आणली होती. तिचा सांगाडा लांकडी होता, चाकें लांकडी होतीं, आणि पुढल्या चाकास कसलीहि स्प्रिंग नव्हती. आपल्या बैलगाडींत बसून खडीच्या रस्त्यानें ज्यानें चार कोस प्रवास केला आहे, त्यास त्या पहिल्या स्वाराची अवस्था निराळी वर्णन करून सांगण्याची जरूरी नाहीं.

चिमट्याचें काम वरून दिसतें तितकें सोपें नाहीं. त्यास एकाच वेळीं तीन कामें करावीं लागतात. चाक धरून ठेवावयाचें, तें हॅंडलाच्या आज्ञेप्रमाणें वळवावयाचें, आणि रस्त्याचा धक्का स्वाराच्या मनगटापर्यंत पोंचूं द्यावयाचा नाहीं. यांतील दुसरें काम विशेष मार्मिक आहे. मोटारसायकल बाजूनें पाहिली तर चिमटा सरळ उभा नसून पुढें कललेला दिसतो. हॅंडल ज्या नळींत फिरतें, तिची रेषा मनांतल्या मनांत जमिनीपर्यंत वाढविली, तर ती चाक जमिनीस जेथें टेकतें त्या बिंदूच्या थोडी पुढें पडते. हें अंतर बहुधा दोन ते चार इंच असतें. दवाखान्यांतील खाटेचीं लहान चाकें ज्याप्रमाणें खाट ढकलतांच आपोआप मागें वळून सरळ मार्गास लागतात, त्याचप्रमाणें या अंतरामुळें पुढलें चाक चालतांना आपणहून सरळ राहूं पाहतें. हें अंतर वाढलें तर हॅंडल जड होतें. कमी झालें तर तें चंचल होतें आणि वेगांत थरथरूं लागतें. चिमटा वांकला म्हणजे केवळ लोखंड वांकतें असें नव्हे. गाडीचा स्वभावच बदलतो.

पहिल्या मोटारसायकलींचे चिमटे सायकलीसारखे ताठ असत. वेग वाढला, वजन वाढलें, आणि ते मोडूं लागले. मग इंग्लंडांतील कारखानदारांनीं स्प्रिंगचे निरनिराळे प्रयोग केले. पहिल्या महायुद्धांत ट्रायंफ कंपनीच्या ‘मॉडेल एच्’ या गाड्या ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांनीं सहस्रावधि वापरल्या. त्या गाडीचा चिमटा एका आडव्या स्प्रिंगवर मागेंपुढें झुलत असे. फ्रान्समधील चिखलांत व खड्ड्यांत ती स्प्रिंग तुटे, आणि तुटली कीं चिमटा सुटून स्वार तोंडघशीं पडे. तेव्हां अनुभवी निरोप्ये त्या स्प्रिंगभोंवतीं आधींच एक कातडी पट्टा आंवळून बांधीत असत. स्प्रिंग तुटली तरी पट्टा चिमट्यास धरून ठेवी, आणि निरोप ठाण्यास पोंचे. कारखान्याच्या चुकीची दुरुस्ती वापरणाऱ्यानें रस्त्यावर करावी, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

यानंतर सुमारें तीस वर्षें ज्या प्रकाराचें राज्य चाललें तो इंग्रजी कारागिरांचा ‘गर्डर’ चिमटा होय. पुलाच्या कैचीप्रमाणें नळ्या जोडून केलेला हा सांगाडा चार लहान दांड्यांनीं हॅंडलाच्या नळीस जोडलेला असतो. चाक वर उचललें गेलें कीं हा सारा सांगाडा दांड्यांवर झुलून वर येतो, आणि एक मोठी स्प्रिंग त्यास पुन्हां खालीं लोटते. ‘ड्रुइड’ चिमट्यांत दोन बाजूंस दोन स्प्रिंगा असत. ‘वेब’ चिमट्यांत मध्यावर एकच पिंपाच्या आकाराची स्प्रिंग असे. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस्. ए. कंपनीनें ‘एम् २०’ जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या केल्या, त्या सर्वांचे चिमटे गर्डरचेच होते. त्यांतील कित्येक हिंदुस्थानांत आल्या, आणि युद्ध संपल्यावर लष्करी लिलांवांतून सामान्य लोकांच्या हातीं पडल्या. बीडच्या सीमेस लागूनच असलेलें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें रणगाडा दलाचें मोठें ठाणें आहे. त्यामुळें लष्करी वाहनें या बाजूच्या लोकांस नवीं नव्हतीं.

पण गर्डरचा काळ संपविणारी कल्पना तोंवर जन्मास आलेली होती. एका नळींत दुसरी नळी सरकवावयाची, आंत स्प्रिंग बसवावयाची आणि तेल भरावयाचें, ही ती कल्पना. यॉर्कशायरचे आल्फ्रेड स्कॉट यांनीं १९०८ सालींच सरकत्या नळ्यांचा चिमटा आपल्या गाडीस लावला होता; परंतु धक्का गिळण्यासाठीं त्यांत तेलाची योजना नव्हती. डेन्मार्कच्या ‘निंबस’ गाडीनें १९३४ सालीं सरकत्या नळ्या आणल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं जर्मनीच्या बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें तेलानें गति आंवरणारा दुर्बिणी चिमटा विक्रीच्या गाड्यांवर बसविला. तेलाचें काय काम, असें कोणी विचारील. स्प्रिंग धक्का गिळते खरी, पण गिळलेला धक्का ती लागलीच परत करते. तेल लहान छिद्रांतून ये-जा करतांना हा उलटा धक्का जिरवून टाकतें. तेल नसलेला चिमटा एका खड्ड्याचें उत्तर दहा उड्यांनीं देतो. १९४१ सालीं इंग्लंडांत मॅचलेस कंपनीनें आपल्या ‘जी ३ एल्’ या लष्करी गाडीस असा तेलाचा चिमटा दिला. गर्डरच्या गाडीवरून उतरून जो निरोप्या तिच्यावर बसला, त्याला दुसरी गाडी नकोशी झाली.

स्वतंत्र भारतांत हा इतिहास तीन निरनिराळ्या वाटांनीं आला. १९५५ सालीं इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्यानें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि दुर्बिणी चिमट्याची ‘बुलेट’ मद्रासेस जोडली जाऊं लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून ‘जावा’ बाहेर पडूं लागली. तिचेंच पुढें ‘येझदी’ असें नामांतर झालें, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. तिसरी ‘राजदूत’. एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी पोलंडच्या नमुन्यावरून घेतलेली होती. सुरवातीच्या राजदूतचा चिमटा या दोहोंपेक्षां निराळा होता. चाक दोन लांब आडव्या दांड्यांच्या टोंकांस बसविलेलें असे, आणि त्या दांड्या मागें एका खिळीवर झुलत. अर्ल्स या इंग्रजाच्या नांवानें ओळखली जाणारी ही रचना १९५५ ते १९६९ पर्यंत खुद्द बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनेंहि आपल्या गाड्यांवर ठेविली होती. ओझ्याच्या गाडीस ती मानवे. मात्र झुलत्या खिळीचे बुश झिजले कीं चाक दोन्ही बाजूंस डुलूं लागे, आणि दुधाच्या कॅनींचें वजन तें डुलणें वाढवी.

आज या कलेचें केंद्र बीडच्या शेजारींच आहे. १९८५ सालीं छत्रपती संभाजीनगरानजीक वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरूं झाला. त्याच वर्षीं त्याच शहरांत निघालेली एन्ड्युरन्स ही कंपनी पुढें दुचाकींचे पुढले चिमटे मोठ्या संख्येनें करूं लागली. नवीन गाडीचा चिमटा वांकला तर नवा आणून बसवावा, हें आतां सोपें झालें आहे, आणि तेंच योग्यहि आहे. परंतु ज्या गाड्यांचे कारखानेच राहिले नाहींत, त्यांचें काय? अशा गाडीचा चिमटा हा एकुलता एक असतो. तो दुरुस्त करणारा कारागीर नसेल, तर मालक दोहोंपैकीं एक करतो. गाडी कोपऱ्यांत गंजत ठेवतो, किंवा वांकल्या चिमट्यावर रंग चढवून तीवर बसतो. दुसरा मार्ग अधिक वाईट, कारण तो जिवावर बेततो.

दुरुस्तीची पहिली पायरी परीक्षेची आहे. पुढलें चाक जमिनीपासून उचलावें आणि हॅंडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावें. बरोबर मध्यावर तें अडकल्यासारखें वाटलें, तर डोक्यांतील वाट्यांत छर्‍यांचे खळगे पडले आहेत असें समजावें. वाट्या आणि छर्रे एकदमच बदलावे लागतात. मग चिमट्याचे पाय खालीं धरून मागेंपुढें हलवावे. खट् असा आवाज आला तर ढिलाई डोक्यांत आहे कीं बुशांत, हें सांध्यावर बोट ठेवून कळतें. जेथें ढिलाई असते तेथें बोटास ती जाणवते.

गर्डर चिमट्यांत पाहावयाच्या गोष्टी मुख्यतः खिळ्या आणि बुश या होत. खिळ्यांच्या बाजूस खरखरीत कडांच्या चकत्या असतात. त्या बोटांनीं जेमतेम फिरतील इतकेंच आंवळावें; घट्ट केल्यास चिमटा झुलत नाहीं, ढिलें ठेवल्यास चाक डुलतें. नळ्यांचे सांधे पितळेनें झाळलेले असतात. वांकलेली नळी तापवून सरळ करूं गेल्यास झाळ सुटण्याचा आणि पोलादाचें पाणी उतरण्याचा धोका असतो. असा चिमटा दिसण्यास सरळ होतो, पण पहिल्या जोरदार ब्रेकास पुन्हां वांकतो, किंवा मोडतो.

दुर्बिणी चिमटा सर्व उघडून, तेल काढून, प्रत्येक नळी निराळी तपासावी लागते. कारखान्यांत ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून फिरवितात आणि वर घड्याळी माप लावतात. कांटा जितका हलतो त्याच्या निम्मा बांक समजावयाचा, ही गोष्ट नवशिक्या विसरतो. जेथें हें साधन नाहीं तेथें जाड, सपाट कांचेवर नळी लोळवून मागून दिवा धरला तर बांक असलेल्या जागीं उजेडाची फट कमीजास्त होतांना दिसते. बांक थोडा असेल तर नळी थंडच ठेवून दाबयंत्रावर हळूहळू सरळ करतां येते. पण जेथें ती चुरगळली आहे, किंवा तिच्यावर वळी पडली आहे, ती नळी टाकूनच दिली पाहिजे. गंजाचे खळगे पडलेली नळी सरळ असली तरी तेलाचें सील कापते. ती घांसून, कठीण क्रोम चढवून, पुन्हां मापांत आणावी लागते.

नळ्या सरळ झाल्या म्हणजे काम झालें असें पुष्कळांस वाटतें, आणि येथेंच घात होतो. दोन्ही नळ्यांस धरून ठेवणाऱ्या वरच्या व खालच्या जोडपट्ट्यांस कारागीर ‘टी’ म्हणतात. अपघातांत खालच्या टीस पीळ बसतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. त्याची परीक्षा अशी : सरळ ठरलेल्या दोन नळ्या टीमध्यें बसवाव्या आणि त्यांवर सपाट कांच आडवी ठेवावी. कांच चारी जागीं टेकली तर दोन्ही नळ्या एका पातळींत आहेत; डुगडुगली तर टीस पीळ आहे. नंतर नळ्यांमधील अंतर वर आणि खालीं मोजावें. तें समान आलें पाहिजे. समोरासमोरच्या धडकेंत पाय मागें गेले असतील तर वर सांगितलेलें अंतर वाढून हॅंडल जड होतें. सांगाड्याचें डोकेंच मागें दबलें असेल तर तें अंतर कमी होऊन गाडी थरथरते. म्हणून गाडीची तक्रार नीट ऐकणें हेंहि मापच आहे.

जोडतांनाहि एक क्रम पाळावा लागतो. दोन्ही पायांत तेल अगदीं समान भरावें. सर्व बोल्ट प्रथम नुसते बसवावे, आंवळूं नयेत. चाकाचा आंस एका बाजूस घट्ट करावा, गाडी जमिनीवर उभी करून पुढला ब्रेक दाबावा आणि हॅंडलावर भार देऊन चिमटा पांचसहा वेळां खालींवर करावा. अशानें दोन्ही पाय आपापली स्वाभाविक जागा घेतात. मगच उरलेले बोल्ट आंवळावे. आधीं आंवळून मागाहून बसवूं गेल्यास पाय एकमेकांस तिरपे धरतात, आणि नवा चिमटाहि अडखळत चालतो. शेवटीं दोन्ही चाकें एका ओळींत आहेत कीं नाहींत हें पाहावयाचें. मागल्या चाकाच्या दोन्ही बाजूंनीं दोन दोऱ्या ताणून पुढें आणाव्या. पुढली धांव बहुधा अरुंद असते. तेव्हां दोहों बाजूंस दोरी आणि धांव यांमधील फट सारखी आली पाहिजे. भिंत उभारतांना गवंडी ओळंब्याकडे ज्या डोळ्यानें पाहतो, तोच डोळा येथें लागतो.

या सर्व कामास लागणारीं साधनें फारशीं महाग नाहींत. कांच, दोरी, दिवा आणि मोजपट्टी कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं मिळते. नळी घांसण्यापुरतें मात्र शहरांत जावें लागेल. दुर्मिळ आहे तो धीर, आणि त्याहून दुर्मिळ तो नकार. ‘ही नळी सरळ होणार नाहीं, हिच्यावर मी गाडी जोडून देणार नाहीं,’ असें गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा कारागीर त्या दिवसाची मजुरी गमावतो. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानीं जातें, आणि तेथें कोणीतरी ती तापवून, ठोकून, रंगवून देतोहि. कोणता कारागीर खरा, याचा निवाडा दुकानांत होत नसून घाटाच्या वळणावर होतो, आणि तेथें तो ऐकण्यास कारागीर हजर नसतो.

ट्रायंफच्या निरोप्यानें स्प्रिंगभोंवतीं बांधलेला पट्टा आणि आजच्या मिस्त्रीनें कांचेवर लोळविलेली नळी, यांमध्यें शंभराहून अधिक वर्षांचें अंतर असलें तरी दोहोंच्या मागें एकच बुद्धि आहे. यंत्रावर आंधळा विश्वास टाकावयाचा नाहीं, तें तपासून घ्यावयाचें, ही ती बुद्धि. जुन्या गाड्या जतन करणें हा कांहींचा केवळ हौसेचा विषय असेल; परंतु त्या निमित्तानें ही परीक्षकबुद्धि एखाद्या तरुण कारागिराच्या हातांत उतरली, तर त्या हौसेचें सार्थक झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. जिल्ह्यांत जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत बाळगणारांनीं टाकी रंगविण्यापूर्वीं आपल्या गाडीचा चिमटा एकवार उघडून पाहावा. रंग मागाहूनहि देतां येतो.